आलापल्लीहून चांद्यास

चांद्याच्या गोंड राजांचे वाडे पाहू इच्छिणारा प्रवासी बहुधा नागपुराकडून येतो. चंद्रपूरच्या, म्हणजे जुन्या चांद्याच्या, स्थानकावर उतरावे, जटपुरा दरवाजावर कोरलेले हत्ती आणि सिंहाचे राजचिन्ह पाहावे, बीरशहाच्या समाधीपाशी घटकाभर थांबावे, महाकालीचे दर्शन घ्यावे आणि सायंकाळच्या गाडीने परतावे, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. आणि परतताना त्याच्या मनात अशी समजूत दृढ होते की, हे एका तटबंदीच्या नगराचे राज्य होते व तट ढासळू लागले तेव्हा ते राज्यही संपले. ही समजूत अपुरी आहे. चांद्याचे राज्य हे मुळात अरण्याचे राज्य होते; नगर हे त्याचे शेवटचे फळ होते, बीज नव्हे. म्हणून ज्याला एकाच दिवसात या राजकुलाचे वाडे समजून घ्यावयाचे असतील, त्याने प्रवास विरुद्ध टोकापासून, म्हणजे आलापल्लीपासून आरंभावा, असे माझे निश्चित मत आहे.

आलापल्लीस राजवाडा नाही. तेथे आहे ते सागवान. गावाबाहेर भामरागडच्या वाटेवर वनखात्याने १९५३ साली राखून ठेवलेला सुमारे सहा हेक्टरांचा एक वनखंड आहे. त्यात कुऱ्हाड चालवावयाची नाही, पडलेले झाडही उचलावयाचे नाही, असा नियम. ‘वनवैभव’ या नावाने तो ओळखला जातो आणि २०१४ साली महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून त्याची घोषणा झाली. तेथील सागाच्या खोडाला दोघातिघांनी मिळून कवेत घ्यावे लागते, आणि त्या खोडांच्या मधल्या सावलीत उभे राहिल्यावर प्रथमच ध्यानात येते की, ज्या राजांच्या अमलाखाली अशी अरण्ये योजनेच्या योजने पसरली होती, त्यांना दगडी प्रासादांची हौस का नव्हती. लाकूड, माती आणि कौल यांनी बांधलेले घर ज्या मुलखात शंभर वर्षे सहज टिकते, तेथे दगड राखून ठेवावयाचा तो देवासाठी, तटासाठी आणि मृतांसाठी. पुढे दिवसभर आपण जे पाहतो त्याची किल्ली येथेच हाती येते. इंग्रजी अमलात याच सागावर वनखात्याची नजर स्थिरावली, आलापल्ली हे लाकडाच्या कारभाराचे मुख्य ठाणे बनले, सरकारी आरागिरणी उभी राहिली, अरण्यातून ओंडके ओढून आणण्यासाठी हत्ती पाळले गेले. सिरोंचाच्या बाजूला कमलापूर येथे वनखात्याचे हत्ती आजही आहेत. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी जे सागवान बल्लारपूरच्या आगारातून वाजतगाजत रवाना झाले, ते या अरण्याचे.

अशा प्रवासाला वाटाड्या हवा, आणि तो पुस्तकी नसून मुलखातला हवा. येथे वाटेवरच्या गावांत गोंडी, माडिया, तेलुगू आणि मराठी अशा चार भाषा एकमेकींत मिसळतात, आणि एकाच टेकडीची वा तळ्याची कथा प्रत्येक भाषेत निराळी सांगितली जाते. पूर्वी या कथा सांगण्याचे काम परधानांचे होते. राजगोंडांच्या घराण्यांचे हे भाट; किंगरीच्या तारेवर बोट ठेवून ते यजमानाच्या कुळाची उत्पत्ती, देवांची वाटणी आणि पूर्वजांचे पराक्रम गात, आणि राजा असो की गावचा पाटील, त्याच्या घरचे लग्न अथवा मृत्यूचे कार्य परधानावाचून पुरे होत नसे. चांद्याच्या राजवंशाची जी वंशावळ आज आपण छापील ग्रंथांत वाचतो, तिचा पाया १८६० च्या दशकात मेजर ल्युसी स्मिथ या अधिकाऱ्याने जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचा अहवाल लिहिताना गोळा केलेल्या परंपरागत कथनांवर आहे. म्हणजे दप्तरात शिरण्यापूर्वी हा इतिहास कंठात होता. त्यातील प्रारंभीच्या राजांचे काळ विद्वानांना आजही निर्विवादपणे ठरविता आलेले नाहीत. परंतु राजांचा क्रम, त्यांचे स्वभाव आणि त्यांनी काय बांधले याची आठवण मात्र आश्चर्यकारक रीतीने टिकून राहिली, आणि याचे श्रेय त्या किंगरीवाल्यांचे आहे, हे आपण कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

आलापल्लीहून अहेरी अगदी जवळ. प्राणहितेच्या काठचे हे गाव आत्राम घराण्याच्या जमीनदारीचे मुख्य ठिकाण. ही जमीनदारी लहानसहान नव्हती; अडीच हजार चौरस मैलांहून मोठा हा मुलूख चांदा जिल्ह्यातील साऱ्या जमीनदाऱ्यांत विस्ताराने अग्रेसर होता, आणि चांद्याच्या राजकुलाशी असलेल्या नात्यामुळे मानानेही. चांद्याचे सिंहासन गेले, नागपूरकर भोसले आले, त्यांच्यामागून इंग्रज आले, तरी अहेरीचा वाडा नांदता राहिला, आणि म्हणूनच गोंड राजसत्तेचे जे काही जिवंत रूप आज उरले आहे ते पाहण्यासाठी चंद्रपुरास नव्हे, अहेरीस यावे लागते. येथील रुक्मिणी महाल हे राजकुटुंबाचे राहते घर आहे. ते संग्रहालय नव्हे. तिकीट काढून आत जाता येत नाही. ओळखीच्या वाटाड्याने आधी निरोप धाडावा, वाड्यातून होकार यावा, मग पादत्राणे बाहेर काढून ओसरीपर्यंत जावे, आणि नकार आला तर बाहेरूनच नमस्कार करून निघावे, हीच येथली रीत योग्य आहे.

विजयादशमीला मात्र वाडा साऱ्या मुलखाचा होतो. अहेरीचा दसरा हा दक्षिण गडचिरोलीचा सर्वांत मोठा उत्सव. राजांची पालखी निघते, आणि जिल्ह्याच्या डोंगराळ गावांतून, तसेच नदीपलीकडच्या तेलंगणातून व छत्तीसगडातून आलेले लोक तिच्याभोवती गर्दी करतात. ज्या जमीनदारीचे मालकी हक्क मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने रद्द झाले (चांदा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता), तिच्या धन्याला रयत अद्याप ‘राजे’ म्हणते, यात केवळ जुन्या सवयीचा भाग आहे असे मला वाटत नाही. १९७७ साली राजे विश्वेश्वरराव आत्राम चंद्रपूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले तेव्हा सनदेच्या जागी मतपेटी आली एवढाच फरक झाला. जो माणूस आपला कैवार घेईल त्याच्या दाराशी जाण्याची अरण्यवासीयांची वहिवाट तीच राहिली.

अहेरीच्या वाड्यापुढे उभे राहून १८५८ सालाविषयी मौन पाळणे हे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल. नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि चांदा जिल्हा कंपनी सरकारच्या थेट अमलाखाली गेला. त्यानंतर चारच वर्षांनी अहेरी जमीनदारीतील मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके याने गोंड, माडिया आणि रोहिले यांची फौज उभारून राजगडचा परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली आणि घोट येथील जमीनदार व्यंकटराव त्याला येऊन मिळाला. मार्च महिन्यात नांदगाव-घोसरीच्या परिसरात सरकारी फौजेशी चकमक झाली, आणि २९ एप्रिल रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याचे गार्टलँड व हॉल हे दोघे कर्मचारी मारले गेले. त्यांचा तिसरा सोबती पीटर निसटला. तारेचे हे दोन नोकर मारले जाणे ही सरकारच्या दृष्टीने केवळ फौजदारी बाब नव्हती; हैदराबाद आणि नागपूर यांच्या मधल्या अरण्यात आपली तार सुरक्षित नाही, ही जाणीव त्या वर्षी कोणत्याही कलेक्टराची झोप उडविण्यास पुरेशी होती.

डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने अरण्यात फौज घालून पाहिली आणि ती व्यर्थ ठरल्यावर अहेरीच्या राणी लक्ष्मीबाईवर दाब आणला. बाबूराव राणीच्याच जमीनदारीतला. त्याला पकडून दिले नाही तर त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल, हे तिला कळून चुकले असले पाहिजे. १८ सप्टेंबर १८५८ रोजी राणीच्या माणसांनी बाबूरावाला धरले आणि चांद्यास रवाना केले. २१ ऑक्टोबर रोजी त्याला फाशी देण्यात आली. त्याचे वय त्या वेळी अवघे पंचवीस वर्षांचे होते. व्यंकटराव बस्तरात पळाला, तेथील राजाने १८६० साली त्याला पकडून दिले, त्याची जमीनदारी जप्त झाली, आणि अडपल्ली व घोट येथील सदुसष्ट गावे सरकारने बक्षीस म्हणून अहेरीच्या राणीला बहाल केली.

या प्रसंगाविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एक पक्ष राणीला सरळ दोषी ठरवितो. दुसरा पक्ष ही हकीकतच टाळतो. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. ज्या वर्षी झाशीची राणी रणांगणावर पडली, त्याच वर्षी अहेरीच्या राणीने आपली जमीनदारी राखली, आणि ती राखल्यामुळेच पुढे शतकभर या अरण्यात गोंड घराण्याची सत्ता नावापुरती का होईना उभी राहिली, हे सत्य आहे. आणि तिची किंमत एका पंचवीस वर्षांच्या वीराच्या प्राणांनी चुकती झाली, हेही तितकेच सत्य आहे. आज अहेरीत आणि साऱ्या जिल्ह्यात बाबूरावाचे पुतळे आणि नावाचे चौक आहेत, २००९ साली भारतीय टपालखात्याने त्याच्या नावाचे तिकीट काढले, आणि त्याच मुलखातले लोक दसऱ्याला राजांच्या पालखीमागून चालतात. लोकांनी दोन्ही स्मृती एकाच अंतःकरणात बाळगल्या आहेत, आणि त्यांच्या या समंजसपणापुढे इतिहासकाराने नम्र व्हावे.

अहेरीहून परत आलापल्लीवरून लगाम, आष्टी असा रस्ता धरावा. लोहखनिजाच्या अवजड मालमोटारींनी तो बेजार झालेला आहे, आणि त्याविषयी अधिक काही लिहिण्यासारखे नाही. आष्टीपाशी वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा संपतो. येथून खाली, चपराळ्याच्या अभयारण्यालगत, वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होऊन प्राणहिता जन्मते. गोंडपिपरीवरून बल्लारपूर गाठेपर्यंत अरण्य विरळ होत जाते, शेते रुंदावतात, आणि दुपारच्या सुमारास कागदगिरणीची धुराडी दृष्टीस पडतात.

बल्लारपूरचा किल्ला वर्धेच्या काठावर आहे. परंपरेप्रमाणे या राजकुलाची पहिली राजधानी वर्धेपलीकडे, आज तेलंगणात असलेल्या सिरपूर येथे होती. तेथून खांडक्या बल्लाळशहाने ती येथे आणली. नदीच्या बाजूने पाहिले तर बुरूज अजून भक्कम वाटतात, परंतु आतल्या वाड्याचे फारसे काही शिल्लक नाही. चौथरे, भिंतींचे काही भाग, एक-दोन दरवाजे आणि मोकळे मैदान. आलापल्लीचे सागवान पाहून आलेल्या माणसाला या मोकळेपणाचे नवल वाटू नये. माती आणि लाकूड आपल्या जागी परत गेले, तट तेवढे उरले. बल्लारपुराहून काही मैलांवर जुनोना येथे मोठे जुने तळे आहे आणि त्याच्या काठावर राजांच्या विहारस्थानाचे अवशेष आहेत. वेळ असेल तर तेथे अवश्य जावे, कारण जलाशयाच्या काठी बांधलेले घर हे या राजांच्या अभिरुचीचे खरे द्योतक आहे. मात्र बल्लारपूरच्या किल्ल्याशी निगडित झालेली सर्वांत दुःखद आठवण वैभवाची नसून बंदिवासाची आहे. या कुलाचा शेवटचा राजा नीळकंठशहा. त्याच्या क्रूर कारभाराने प्रजा आणि दिवाण-दरकदार विटले होते, आणि पहिल्या रघूजी भोसल्याने अठराव्या शतकाच्या मध्यास चांदा घेतला तेव्हा त्याच्यासाठी तलवार उपसणारे फार थोडे उरले. रघूजीने त्याला याच किल्ल्यात कैदेत ठेवले आणि येथेच तो मेला. ज्या पूर्वजाने हा वाडा बांधला त्याच्या वंशजाला तो तुरुंग म्हणून लाभला.

बल्लारपूर ते चंद्रपूर हे अंतर आज काही मिनिटांचे. पण या दोन नगरांच्या मधे झरपट नदीची ती प्रसिद्ध कथा आहे. खांडक्याच्या अंगावर खांडके, म्हणजे गाठी होत्या. शिकारीच्या नादात तो झरपटेच्या कोरड्या पात्राशी आला, तहानेने व्याकूळ होऊन एका खळग्यातले पाणी प्यायला, हातपाय तोंड धुतले, आणि त्या रात्री कित्येक वर्षांनी त्याला शांत झोप लागली. सकाळी गाठी नाहीशा झालेल्या पाहून राणीने विचारपूस केली, तो खळगा शोधून काढविला, आणि तेथे अचलेश्वराचे देऊळ उभारावे असे ठरले. पुढे याच परिसरात एक ससा राजाच्या शिकारी कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला, आणि हा शुभसंकेत ओळखून येथे तटबंदीचे नगर वसवावे असा सल्ला दिला तोही राणीनेच. कथेतला ससा बाजूला ठेवला तरी हे लक्षात राहते की, मोठ्या नदीच्या काठावरून लहान नदीच्या पाण्याकडे राजधानी हलविण्याचा निर्णय लोकस्मृतीने एका स्त्रीच्या बुद्धीला बहाल केला आहे. अहेरीच्या राणीची कहाणी सकाळीच ऐकून आलेल्याला हा योगायोग वाटत नाही. या राज्याच्या प्रत्येक वळणावर राणीचा शब्द निर्णायक ठरला आहे.

तटाचे काम पिढ्यान्पिढ्या चालले. याच कुलातील राजा हीरशहाच्या नावावर परंपरेने एक धोरण नोंदविले आहे, आणि मला ते चांद्याच्या सर्व बुरुजांहून मोलाचे वाटते: जो अरण्य तोडून गाव वसवील त्याला ती जमीन, आणि जो तळे बांधील त्याला त्या तळ्याच्या पाण्याखाली भिजणारे रान. तळ्यासाठी मिळणाऱ्या या देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपुरातील एका वस्तीने ते नाव आजवर जपले आहे. पूर्व विदर्भात गावोगाव जे जुने तलाव आहेत आणि ज्यांच्यावर धानाची शेती उभी आहे, त्यांच्या मागे अशा सनदांची प्रेरणा होती. अकबराच्या काळी चांद्यावर बाबाजी बल्लाळशहा होता. अबुल फजलाने ‘ऐने अकबरी’त त्याची नोंद चाळीस हजार पायदळाचा धनी म्हणून केली आहे, आणि वैरागडची हिऱ्यांची खाण त्याच्या ताब्यात असल्याचेही लिहून ठेवले आहे. ज्याच्या घरी हिऱ्याची खाण होती त्या राजाने स्वतःसाठी संगमरवराचा महाल बांधला नाही, पण त्याच्या मुलखात पाणी अडविणाऱ्या कुणब्याला जमीन मिळत होती. नगरातच रामशहाच्या नावाने ओळखला जाणारा रामाळा तलाव आहे. तो राजवाडा म्हणूनच पाहावा.

अचलेश्वर दरवाजाजवळ राजांच्या समाध्या आहेत आणि त्यांत बीरशहाची समाधी सर्वांत भव्य. ती त्याच्या राणीने, हिराईने बांधली. बीरशहाची हकीकत रक्ताने माखलेली आहे. त्याच्या मुलीचा देवगडच्या घराण्यात अपमान झाला, तेव्हा त्या जावयाचे मस्तक महाकालीच्या चरणी वाहण्याची प्रतिज्ञा त्याने केली आणि ती पुरी केली, अशी कथा आहे. पुढे स्वतःच्या दुसऱ्या लग्नाच्या दिवशी तो हिरामण नावाच्या एका राजपुताच्या हातून मारला गेला. पतीच्या दुसऱ्या लग्नाच्या मांडवात वैधव्य आलेल्या त्या राणीने काय करावे? तिने रामशहाला दत्तक घेतले, राज्याचा कारभार सांभाळला, अचलेश्वराचे देऊळ नव्याने उभारले, महाकालीचे मोठे मंदिर बांधले, आणि पतीची अशी समाधी घडविली की चंद्रपुरात गोंड स्थापत्याचे तिच्याहून उदात्त उदाहरण नाही. जाड भिंती, आवरलेली नक्षी, आणि घुमटाचा संयत डौल: या वास्तूत मी शोक पाहतो, आणि शोकापेक्षा अधिक असा एक निश्चय पाहतो. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि तेलंगणातून जे भाविक लोटतात, त्यांतील बहुतेकांना हिराईचे नाव ठाऊक नसते. पण ते तिने बांधलेल्या दारातूनच आत जातात.

तटाची मात्र दीर्घकाळ हेळसांड झाली. दगडांत वड-पिंपळ रुजले, बुरुजांवर कचरा साठला. २०१७ साली ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी स्वतःच्या हातांनी बुरूजामागून बुरूज स्वच्छ करावयास घेतला आणि महिनोन्महिने ते काम चालविले. आज तटावरून चालत नगर पाहता येते ते या श्रमामुळे.

राहता राहिला चांद्याचा राजवाडा. भोसल्यांच्या अमलात येथे त्यांचे सुभेदार-किल्लेदार राहिले. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी चांद्याला वेढा घातला तेव्हा किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला आणि नगराची लूट झाली. नंतर इंग्रज सरकारने गोंड राजांच्या या वाड्याचा तुरुंग केला. आजही तेथे जिल्हा कारागृह आहे. बाबूराव शेडमाके याला फाशी झाली ती याच ठिकाणी, कारागृहाच्या पिंपळाजवळ. अहेरीच्या राणीने ज्याला धरून पाठविले, त्या तरुणाचा मार्ग आपण दिवसभर चालून आलो, हे येथे आल्यावर उमगते.

कारागृह असल्यामुळे हा वाडा एरवी बाहेरूनच पाहावा लागतो. ज्यांना आत जावयाचे आहे त्यांनी प्रवासाचा दिवस विचारपूर्वक निवडावा. आवारात गैबीशहा वली यांचा दर्गा आहे, आणि मोहरमच्या वेळी दोन दिवस कारागृहाचे दार सर्व धर्मांच्या भाविकांसाठी उघडते. तेथील विहिरीचे पाणी तीर्थ म्हणून नेणाऱ्यांची रांग लागते. २१ ऑक्टोबरला बाबूरावाच्या स्मृतिदिनी गोंड समाज दूरदूरच्या गावांतून त्या पिंपळाशी जमतो. दसरा त्याच्या मागेपुढे येतो. दसऱ्याची रात्र अहेरीत काढून, आलापल्लीवरून निघून, २१ तारखेला चांद्यास पोहोचता आले, तर या राजवंशाचे दोन्ही वाडे, एक नांदता आणि एक बंदिस्त, माणसांनी भरलेले पाहावयास मिळतील. निरोप मात्र अहेरीच्या वाड्यावर आधीच पाठवून ठेवावा.